फॉर्म, पान की व्हॉट्सअ‍ॅप? एका जाळीवाल्याचा अनुभव

खिडक्यांना कबुतरांची जाळी बसवायचा माझा धंदा. भांडुपला छोटा गाळा, हाताखाली दोन मुलं आणि काम अख्ख्या मुंबईत. पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते ओळखीतून किंवा सोसायटीच्या वॉचमनकडून. मग फेसबुक-इन्स्टावर जाहिरात करायला लागलो आणि प्रश्न पडला, की जाहिरात बघून माणसाने बोट दाबलं तर पुढे त्याला न्यायचं कुठे? ह्यालाच हल्ली फनेल म्हणतात. आमच्या आजीकडे रॉकेलचं पत्र्याचं नरसाळं होतं, तेच ते. ओतताना आजीचं लक्ष कायम खालच्या बाटलीकडे असायचं.

जाहिरात कशी लावायची हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. फक्त वरून 18 टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच रोजचा आकडा ठरवा. मी तीन रस्ते एकेक महिना, सारख्याच पैशांत चालवून बघितले. ह्याला मोजमाप म्हणू नका, एका गाळ्याचा अनुभव म्हणा.

पहिला रस्ता स्वतःच्या वेबसाइटच्या पानाचा. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर मिळणारी फुकटची साइट मार्च 2024 मध्ये बंद झाली, म्हणून भाच्याने एक साधं पान करून त्यावर गूगल फॉर्म जोडून दिला. दिसायला झकास. पण त्या फॉर्ममध्ये फोटो जोडायला ठेवला, की भरणाऱ्याला आधी गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं. ट्रेनमध्ये एका हाताने कडी धरलेला माणूस पासवर्ड कशाला आठवत बसेल? आलेले फॉर्म हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सोडून दिलं.

दुसरा रस्ता म्हणजे फेसबुकचा तयार फॉर्म. जाहिरातीवर दाबलं की तो तिथल्या तिथे उघडतो, नाव-नंबर प्रोफाइलवरून आधीच भरलेले असतात. त्यामुळे लीड, म्हणजे चौकशी करणाऱ्यांची नावं-नंबर, भसाभस येतात. पहिल्या आठवड्यात मी घरी पेढे आणले होते, हे कबूल करतो. मग फोन लावायला बसलो. काहींचा नंबर जुना, काही अनोळखी नंबर उचलतच नाहीत, आणि उचलला तर "कोण बोलतंय? मी कुठला फॉर्म भरला?" पाठवण्याआधी एकदा तपासून घ्यायला लावणारा फॉर्मचा दुसरा प्रकारही वापरला. लीड कमी झाल्या, माणसं जरा खरी यायला लागली. आणखी एक, लीडची यादी 90 दिवसांच्या आत उतरवून घ्यायची असते, नाहीतर ती तिथून जाते.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं डोकं फिरवलं ते एका शब्दाने, 'नॉर्मल'.

फॉर्ममध्ये मी विचारलं होतं, खिडक्या किती आणि माप काय. दहातले आठ जण लिहायचे, "2, नॉर्मल." लालबागच्या एका बाईंचंही तेच. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "अहो, नॉर्मल खिडकी आहे, तुम्ही या तर खरं." ड्रिल, हूक, जाळीचा गुंडाळा खांद्यावर टाकून भांडुपहून स्लो पकडली, करी रोडला उतरलो, चालत गेलो. लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर खिडकी बघितली तर बाहेर दीड फूट काढलेली बॉक्स ग्रिल, तिच्यात एसीचं बाहेरचं मशीन, त्यावर तुळशीची कुंडी, आणि मशीनच्या मागे अंड्यांसकट कबुतरांचं घरटं. हे बाहेरून दोरावर उतरून करायचं, दोन माणसांचं काम, आणि मी एकटा. बाईंनी चहा दिला आणि मनापासून म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या अशाच आहेत हो. नॉर्मलच आहे." त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझा अर्धा दिवस मात्र गेला. असे अर्धे दिवस महिन्यात सहा-सात जायचे. जाहिरातीच्या हिशोबात ते कुठेच दिसत नाहीत.

तिसरा रस्ता, जाहिरातीवर दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप. फॉर्मच्या निम्म्यासुद्धा लीड येत नाहीत. त्यातही बरेच जण आधीपासून लिहिलेलं ते "हॅलो, कॅन आय गेट मोअर इन्फो ऑन धिस?" पाठवून गडप होतात. हे वाक्य बदलता येतं, आणि ते बदलाच. मी ठेवलंय, "खिडकीला जाळी बसवायची आहे, फोटो पाठवत आहे." पाठवून झालं की माणसाला आपणच कबूल केल्यासारखं वाटत असावं, कारण बहुतेकदा मागोमाग फोटो येतोच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधून आपोआप जाणाऱ्या माझ्या ग्रीटिंग मेसेजमध्ये एकच विनंती आहे, चौकटीला वर्तमानपत्राचं एक पूर्ण पान टेकवून फोटो काढा. पानाचं माप मला माहीत, त्यावरून खिडकीचा अंदाज येतो, ग्रिल दिसते, एसी दिसतो, मजलाही कळतो. भाव घरबसल्या सांगता येतो आणि मापाला फक्त तयार गिऱ्हाइकाकडे जावं लागतं. हा ग्रीटिंग मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आणि 14 दिवस गप्प राहून परतलेल्यालाही आपोआप जातो. आपल्याकडे नवऱ्याला विचारून, सेक्रेटरीला विचारून, गणपती आटपून मग माणूस परत येतो, तेव्हा ते बरं पडतं. बाकी चॅटला लावायची चार लेबलं केली आहेत: फोटो आला, भाव सांगितला, मापाला जायचं, झालं. माझं नरसाळं ते एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपलाही खोट आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला आणि शहरभर कबुतरांचीच चर्चा, तेव्हा माझ्या फोनला उसंत नव्हती. मी दिवसभर दोरावर, संध्याकाळी बघावं तर तीस-चाळीस मेसेज, आणि निम्म्यांनी तोवर दुसऱ्याला बोलावलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा माणूस तासभर थांबतो, फार तर दोन. फॉर्मवाला निदान यादीत तरी राहतो. शिवाय जुन्या गिऱ्हाइकांना साधा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम मेसेज करावा म्हटलं, तर ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो, आणि जाळीवाल्याचा नंबर कोण सेव्ह करतं? आता दुपारचे मेसेज बायको बघते, म्हणून जमतंय.

तुमच्या कामात फोटोला काही अर्थ नसेल तर माझं ऐकू नका. मुलुंडला माझ्या मेहुणीचे दहावीचे क्लासेस आहेत. तिला मुलाची इयत्ता, बोर्ड आणि पालकांची वेळ एवढंच हवं असतं, आणि संध्याकाळी शांतपणे फोन करायला माणूस आहे. तिला फॉर्मच बरा. सोसायटीच्या डक्टची मोठी कामं मीही फॉर्मवरच घेतो; सेक्रेटरीला लेटरहेडवर कोटेशन लागतं, मीटिंग लागते, त्याला घाई नसते. पण घरोघरी जाऊन काम करणारे सुतार, रंगारी, गळती काढणारे, सोफा शिवणारे असाल, म्हणजे काम बघितल्याशिवाय भाव सांगता येत नसेल, तर मी आपला व्हॉट्सअ‍ॅपकडे झुकेन. लीड कमी दिसतील, पहिला महिना धाकधूक होईल. ट्रेनच्या फेऱ्या मोजा.

परवा चेंबूरहून एक फोटो आला. वर्तमानपत्र नव्हतं, कठड्यावर कबूतर मात्र ऐटीत बसलेलं. त्यावरूनच अंदाज काढला, भाव सांगितला, बाई हो म्हणाल्या. मापाला गेलो तेव्हा तीन इंच चुकलो होतो.