"कॅमेऱ्याला दिसतो ताई, डोळ्यांना नाही"

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला त्या रात्री आमच्या टोप्यांवर बर्फ पडत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळी लबाडी कळायला एवढी एकच गोष्ट पुरेशी होती, आणि आम्हा चार शिकल्यासवरल्या माणसांच्या (आईबाबा, नवरा आणि मी) ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोक्यात आली नाही.

अरोरा, म्हणजे ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश, बघायची हौस बाबांची. वय ७१, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं, लडाखमधल्या हानलेच्या आकाशातसुद्धा लाल झाक कॅमेऱ्यांनी टिपली, तेव्हापासून त्यांनी विषय सोडला नाही. ऑक्टोबरात नासानेही सांगितलं की सूर्य त्याच्या चक्राच्या ऐन भरात आहे, म्हणजे अरोरा दिसायची शक्यता जास्त. मग काय, माझ्या फोनवर हिरव्या आकाशाच्या जाहिरातींचा पाऊसच सुरू झाला. त्यातलीच एक पुण्यातल्या एजंटची. मराठी माणूस, गोड बोलणं, "काकांना सकाळी पोहे मिळतील, काळजी नको" वगैरे. आणि खाली ठळक अक्षरांत: अरोरा दर्शन १००% गॅरंटी, नाही दिसला तर दुसरी फेरी मोफत.

विमानाची तिकिटं आमची आम्ही काढली. ट्रॉम्सोतल्या चार रात्री, फिरणं आणि अरोराची फेरी मिळून चौघांचे ५,२०,००० रुपये, वर ५ टक्के टीसीएसचे, म्हणजे एजंटने सरकारसाठी गोळा करायच्या कराचे, २६,०००. मी कार्ड पुढे केलं तर म्हणाला, "कार्ड नको ताई, दोन टक्के फुकट जातील, सरळ ट्रान्सफर करा." अकरा हजार वाचले म्हणून मी खूश! कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे वाद तरी घालता आला असता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गेलो. हॉटेल ठीक होतं, त्याबद्दल तक्रार नाही. 'हस्कींची स्लेज स्वतः चालवा' याचा अर्थ कुत्र्यांच्या आवारात अर्धा तास त्यांना कुरवाळणं आणि कॉफी, असा निघाला. आई तरीही रमली, म्हणून आम्ही गप्प बसलो. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या रात्री फेरी. कागदावर 'परवानाधारक गाइड, मिनीबस, थर्मल सूट' होतं. आली साधी सात सीटची खाजगी गाडी. चालवणारा पंचविशीतला मुलगा, हिंदी बोलणारा, नम्र. थर्मल सूट दोनच, ते आईबाबांना दिले. त्याने फोनवर केपीचा, म्हणजे अरोराचा जोर सांगणारा आकडा दाखवला, "सर, आज केपी ४ है, पक्का दिखेगा." बाबा हळूच मला म्हणाले, "अगं, इथे केपी २ असला तरी चालतो, आपण अरोराच्या पट्ट्याखालीच आहोत. आभाळ मोकळं हवं, त्याचं काय?" मी त्यांना गप्प केलं. आता आठवलं की लाज वाटते.

वीस-पंचवीस मिनिटांत आम्ही एर्सफ्योर्डबोटनला पोचलो. जागा सुंदर आहे, दोन्ही बाजूंनी डोंगर आणि मध्ये काळं पाणी. पण शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर, त्यामुळे शहरावरचेच ढग तिथेही. त्याने गाडी चक्क कुणाच्या तरी घराच्या वाटेवर लावली. रस्त्याकडेला अंधारात उभं राहायचं तर अंगावर चमकणारी जॅकेटं हवीत, तीही नव्हती. बर्फ भुरभुरत होता. पाऊण तास आम्ही पाय आपटत उभे होतो. बाबांनी विचारलं, पुढे जाऊ या का? म्हणाला, "आगे भी क्लाउड है, सर." मग त्याने तिपायी लावून आम्हा चौघांचे फोटो काढले आणि आम्हाला हॉटेलवर सोडलं.

सकाळी फोटो आले. आमच्या चौघांच्या डोक्यावर हिरवाकंच झोत, डोंगरामागून उठून वळसा घेत गेलेला!

मी एजंटला फोन केला, म्हटलं आम्हाला काहीच दिसलं नाही, दुसरी फेरी द्या. तो हसला. "फोटोत आलाय ना? कॅमेऱ्याला दिसतो ताई, डोळ्यांना नाही. हे सायन्स आहे." मग त्याने अटींचं पान उघडायला लावलं. सातव्या ओळीत होतं: डोळ्यांनी अथवा कॅमेऱ्यात दिसल्यास दर्शन झाले असे धरण्यात येईल. फेरी संपली, गॅरंटीही संपली.

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि तिथेच मी अडकले. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. फिका अरोरा नुसत्या नजरेला धुरकट ढगासारखा दिसतो, आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर दिलं की कॅमेऱ्यात तोच हिरवा येतो. मी हे वाचलेलं होतं. त्यामुळे मला वाटलं, असेलही बुवा, आपल्यालाच दिसला नसेल. नवऱ्याने तर तो फोटो स्टेटसला टाकलासुद्धा.

बाबा मात्र दिवसभर तो फोटो मोठा करकरून बघत होते. संध्याकाळी मला जवळ बोलावलं. "हे सप्तर्षी बघ." हिरव्या झोताच्या बाजूला सात तारे स्पष्ट होते, डोंगराच्या वर आडवे पसरलेले. "फेब्रुवारीत रात्री दहाला सप्तर्षी इथे पूर्वेला उंच असतात, शेपटीवर उभे. असे उत्तरेला खाली आडवे होतात ते ऑक्टोबरच्या रात्री." मग त्यांनी बोट खाली आणून माझ्या टोपीवर ठेवलं. लोकरीवर बर्फाचे पांढरे ठिपके तसेच होते. "बर्फ ढगातूनच पडतो ना? अरोरा असतो शंभर किलोमीटर वर, ढगांच्या कितीतरी पलीकडे. ढगाच्या आरपार बघणारा कॅमेरा अजून निघायचाय."

आभाळ कुठल्या तरी ऑक्टोबरातलं आणि खाली चिकटवलेले आम्ही. रात्री त्याच हॉटेलात उतरलेल्या, त्याच एजंटच्या नागपूरच्या कुटुंबाला त्यांचे फोटो दाखवायला सांगितले. तोच झोत, तोच वळसा. फक्त खालची माणसं वेगळी.

चौथ्या दिवशी मी बंदरावरच्या पर्यटक माहिती केंद्रात जाऊन चौकशी केली आणि एक रीतसर फेरी घेतली. दोघांचे ३,८०० क्रोनर, म्हणजे तीस हजारांच्या आसपास, कार्डाने. चौघांचे देणं जमत नव्हतं म्हणून मी आणि बाबाच गेलो. बुकिंगच्या काउंटरवर पहिला प्रश्न, "पासपोर्ट आहेत ना?" कारण ढग असले तर गाडी सरळ फिनलंडच्या हद्दीत किल्पिसयार्वीपर्यंत जाते, शहरापासून दीडशेच्या वर किलोमीटर. आमच्या आधीच्या पोराने पासपोर्टचा शब्दही काढला नव्हता, कारण त्याला जायचंच नव्हतं. लांब जाण्यात डिझेल जातं, रात्र जाते. नॉर्वेत पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर व्यवसायाचा परवाना लागतो आणि चालकालाही पोलिसांकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो. नव्या फेरीच्या गाइडबाईंना मी तो दाखवायला सांगितला, तर त्यांनी वाईट न वाटून घेता खिशातून काढून दाखवला. गॅरंटीचं विचारलं, तर म्हणाल्या, "ती मी देऊ शकत नाही. गाडी कुठवर नेईन तेवढं सांगू शकते."

पावणेदोन तास गाडी चालवून स्किबोटनला पोचलो. लिंगेनच्या डोंगररांगा समुद्राकडचे ढग अडवतात, म्हणून तिथलं आभाळ बऱ्याचदा कोरडं असतं. उणे १७. आधी राखाडी पट्टा दिसला, चुलीच्या धुरासारखा, मी म्हटलं हा ढगच. वीसेक मिनिटांनी तो हलायला लागला, कडेने हिरवा झाला, आणि बाबांनी हातमोजा काढून माझा हात धरला. फोटो त्यांनी एकही काढू दिला नाही. सप्तर्षी पूर्वेला शेपटीवर उभे होते, ते मात्र त्यांनी मला दोनदा दाखवलं.

परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. चौकीवर सांगितलं की फिरायला तर तुम्ही गेला होतात, हॉटेल मिळालं होतं, मग हा दिवाणी मामला. आता ग्राहक आयोगात ऑनलाइन अर्ज केलाय, तारीख पडायची आहे. वकिलाने बिल मागितलं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं, त्यावर टॅन, म्हणजे कर गोळा करणाऱ्याला आयकर खात्याकडून मिळणारा नंबरच नव्हता. टॅनशिवाय टीसीएस गोळाच करता येत नाही. जुलैत रिटर्न भरताना २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता, उघडलं, तर ते २६,००० कुठेच नाहीत. सरकारच्या नावाने घेतलेले पैसेही त्यानेच ठेवले. तुम्ही कुणाला परदेशी सहलीचा टीसीएस भरला असेल, तर आज संध्याकाळी पाच मिनिटं काढून आपलं २६एएस उघडा.

एजंटचा नंबर मार्चपासून बंद आहे. गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने एक जाहिरात पाठवली. नाव नवीन, शहर नाशिक, गॅरंटी तीच १००%. वर मोठा फोटो: थर्मल सूटमधले आईबाबा, शेजारी मी आणि नवरा, चेहरे थोडे धूसर केलेले, डोक्यावर हिरवा झोत. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर सारून फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "सप्तर्षी अजून आडवेच आहेत."