जेजेचे वार्षिक प्रदर्शन : चित्रकार शेजारी उभा असतो तेव्हा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालत निघाले की डाव्या हाताला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे आवार लागते. या फुटपाथवरून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याचे फाटक कधी ओलांडलेले नसते. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत मात्र ते कोणालाही खुले असते. तिकीट नाही, आणि चित्रकलेतले आपल्याला काही कळते की नाही हे कोणी विचारत नाही. मी अनेक वर्षे येथे जात आलो आहे आणि ज्यांना कलादालनाची भीती वाटते त्यांनी सुरुवात येथून करावी असे माझे मत आहे.

त्याचे पहिले कारण जागा. पांढऱ्या भिंती आणि बेतीव दिवे यांचे नेमके दालन येथे अपेक्षू नये. १८७८ च्या जुन्या दगडी इमारतीतील उंच छताचे वर्ग हेच या दिवसांत दालन होतात. वर्षभर जेथे काम चालते तेथेच ते मांडलेले असल्यामुळे फरशीवर रंगांचे जुने थर दिसतात आणि टर्पेंटाइनचा वास पुरता गेलेला नसतो. चित्र ही कोणाच्या तरी हातून, उभे राहून, चुकत-माकत झालेली गोष्ट आहे हे सांगायला मग वेगळ्या फलकाची गरज उरत नाही.

माझ्या आवडीचा भाग व्यक्तिचित्रांचा. एकाच मॉडेलला समोर बसवून वर्गातील अनेकांनी रंगवलेली चित्रे शेजारीशेजारी टांगलेली असली, तर तेथे अर्धा तास सहज जातो. मागच्या खेपेला पाहिलेल्या अशा एका रांगेत फेटा बांधलेले एक वृद्ध गृहस्थ होते. एकाला त्यांच्या गळ्याजवळची हाडे महत्त्वाची वाटली होती, दुसऱ्याने सगळा जीव फेट्याच्या घड्यांत ओतून चेहरा जेमतेम उरकला होता, आणि एका मुलीने त्यांची मांडीवर टेकलेली बोटे अशी काही रंगवली होती की बसून बसून त्यांना आलेला कंटाळा त्या बोटांत उतरला होता. तोच फेटा, तोच प्रकाश, तरी माणसे वेगवेगळी. एकच नामवंत चित्र भक्तिभावाने पाहून जे उमगत नाही, ते अशा रांगेसमोर उमगते.

दुसरे कारण असे की काम करणारा तेथेच उभा असतो. शिल्पविभागात एका मोठ्या शिरोशिल्पापुढे ऑफिसची बॅग खांद्याला अडकवलेले एक गृहस्थ बराच वेळ थांबले होते. शेवटी त्यांनी जवळच्या मुलाला विचारले, “ब्राँझचं आहे का हो हे?” मुलगा म्हणाला, “नाही काका, फायबर आहे. वरून रंग दिलाय. वाजवून बघा ना.” काकांनी बिचकत टिचकी मारली, पोकळ आवाज आला, आणि पुढची दहा मिनिटे तो मुलगा त्यांना आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, मग प्लास्टरचा साचा आणि त्यातून फायबरचे ओतकाम असा सगळा क्रम हातवारे करून सांगत राहिला. धातूच्या ओतकामाचा खर्च विद्यार्थ्याला कसा झेपणार, हा त्याचा प्रतिप्रश्नही काकांना पटला.

वस्त्रकला, मातीकाम आणि धातुकाम या विभागांकडे गर्दी कमी वळते. तेथे अवश्य जावे. मांडणशिल्पांबाबत माझे मत जरा कडवट आहे. टांगलेल्या दोऱ्या, मोडकी खुर्ची आणि खाली लांबलचक टिपण हा नमुना आता देशभरच्या विद्यार्थी-प्रदर्शनांत इतका रुळला आहे, की टिपण झाकून वस्तू काही बोलते का ते आधी पाहावे.

लोकांशी नाते जोडण्याबद्दल आज कलासंस्था पुष्कळ बोलतात. एका खासगी महाविद्यालयाच्या चकचकीत दालनात मी शेजारच्या वस्तीत राबवलेल्या प्रकल्पाचे प्रदर्शन पाहायला गेलो होतो. दारावरच्या रखवालदाराने नाव, फोन आणि येण्याचे प्रयोजन लिहून घेतले. आत वस्तीतल्या माणसांची मोठमोठी छायाचित्रे होती, मजकूर सगळा इंग्रजीत होता, आणि त्या छायाचित्रांतले एकही माणूस पाहुण्यांत नव्हते.

जेजेचा या बाबतीतला वारसा पाहायचा तर फाटकाबाहेर पडावे लागते. शाळा १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभी राहिली. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशदारांवरची उठावशिल्पे येथे शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत, आणि टर्मिनसच्या इमारतीवरील पाने, पशुपक्षी यांच्या कोरीव कामात येथील विद्यार्थ्यांचा हात आहे. भाजी आणायला निघालेल्या आणि लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाच्या वाटेवर ठेवलेले ते काम आहे. प्रदर्शन पाहून परतताना मान वर करून ते पाहावे.

बडोद्याच्या फाइन आर्ट्स विद्याशाखेने हेच निराळ्या रीतीने साधले. १९६० च्या दशकात तेथे सुरू झालेल्या कलाजत्रेसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक विद्यार्थ्यांबरोबर बसून खेळणी करीत आणि गावातले लोक ती विकत घेऊन घरी नेत. कला घरात जायची तर ती हातात मावणारी आणि खिशाला परवडणारी हवी, हे त्यांनी ओळखले होते. वार्षिक प्रदर्शनाला जोडून असा दोन दिवसांचा बाजार मुंबईत भरला तर मी पहिल्या रांगेत असेन.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. उपयोजित कला आणि वास्तुकला यांची महाविद्यालये याच आवारात आहेत. २०२३ मध्ये तिन्हींचे मिळून अभिमत विद्यापीठ झाले असले, तरी कोणत्या विभागाचे प्रदर्शन केव्हा आहे ते आधी पाहून घ्यावे. हाताशी किमान दोन तास असावेत आणि शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी जावे, म्हणजे विद्यार्थी निवांत बोलतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत बाटलीवरच्या छायेशी झगडणारे कोणी घरात असेल तर त्याला बरोबर न्यावे, आणि पहिल्या वर्षाच्या वस्तुचित्रांसमोर सोडून आपण थोडे लांब उभे राहावे.