सणांची वाचनपेटी: बारा महिने ठीक, तेराव्याला घोळ

सणांची वाचनपेटी म्हणजे दर सणाला काय वाचायचं ते सुचवणारी कार्डांची पेटी. लाकडी स्टँड, महिन्यांची बारा कार्डं, सणांची वेगळी कार्डं, सोबत एक पुस्तिका. दर सणाला कार्ड उलटायचं, मागे लिहिलेली सूचना वाचायची आणि त्याप्रमाणे पुस्तक निवडायचं. मी ती गेल्या श्रावणात मागवली. ६९९ रुपये, वर ९० रुपये कुरिअर. सांगलीला यायला कुरिअरला ९० रुपये कशाला लागतात, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. पण लिहायला बसले ती त्यासाठी नाही.

पेटीवर ठळक छापलंय, ‘तिथीवर आधारित, कधीही जुनी न होणारी.’ आणि १७ मे २०२६ ला अधिक ज्येष्ठ सुरू झाला तेव्हा पेटीत त्याचं कार्डच नव्हतं.

तारखांची दिनदर्शिका डिसेंबरात रद्दीत जाते; ही तिथीची, म्हणून वर्षानुवर्षं चालेल, याच हिशोबावर मी पैसे मोजले होते. आता तिथीचं नाव घेतलं की अधिक महिना आलाच. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दरवर्षी अकराएक दिवस मागे पडतात, ते साठत जाऊन ३२-३३ महिन्यांनी एक अख्खा महिना वाढवावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, म्हणजे सूर्य रास बदलत नाही, तो अधिक. पंचांग उघडलेल्या कोणालाही हे कळतं. पेटी करणाऱ्यांनी उघडलं नव्हतं, एवढंच म्हणायचं.

मी फोन लावला. पलीकडे कोणी तरी पोरगा होता.

“काकू, महिने बाराच असतात ना?”

“घरात भिंतीवर दिनदर्शिका आहे का रे बाळा? मे महिन्याचं पान काढ आणि सतरा तारखेच्या चौकटीत काय छापलंय ते वाच.”

जरा वेळ काही आवाज नाही. मग, “हो काकू, अधिक ज्येष्ठ लिहिलंय. वरिष्ठांना विचारून सांगतो.”

वरिष्ठांचं उत्तर दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर आलं: ‘ज्येष्ठाचं कार्ड दोनदा वापरावे.’ शेवटी एक हसरा चेहरा.

ज्येष्ठाच्या कार्डावर वटपौर्णिमा आहे. सूचना अशी, ‘जोडीदाराला त्याचं सर्वांत आवडतं पुस्तक विचारा आणि ते तुम्ही वाचा.’ (आमच्याकडे उत्तर आलं, पासबुक.) हे कार्ड दोनदा वापरायचं म्हटलं तर ३१ मेच्या अधिक पौर्णिमेलाही वटपौर्णिमा करायची की काय? ती निज, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या ज्येष्ठात, २९ जूनला होती. आमच्या भिशीतल्या चौघीजणी या पेटीवर वाचतात, त्यातल्या एकीने खरंच ३१ तारखेला नवऱ्याला विचारून ठेवलं होतं. तिच्या सासूबाई काय म्हणाल्या ते लिहीत नाही.

हे प्रकरण मला इतकं का लागलं, तेही सांगते. सण आणि वाचन यांची सांगड या पेटीने घातलेली नाही, ती आपल्याकडे होतीच. श्रावणात वाराप्रमाणे कहाण्या, शुक्रवारी जिवतीपुढे बसून एकीने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. चातुर्मासात कोणाची ना कोणाची पोथी लागलेली. आणि अधिक महिन्यात तर लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. कार्यालयं रिकामी, आमंत्रणं बंद. उरतं काय? दान, जावयाचं वाण आणि अधिकमास माहात्म्याची पोथी, रोज थोडी थोडी. म्हणजे पंचांगातला जो महिना बाकी सगळं थांबवून वाचायला मोकळा ठेवलाय, नेमका तोच वाचनाच्या पेटीतून गळाला. दुष्काळात तेरावा महिना हा वाक्प्रचार तरी कोणाच्या कानावर पडला असेल ना त्यांच्याकडे?

तसं पाहिलं तर लक्षण आधीच दिसलं होतं. २०२५ च्या नवरात्रात तृतीया दोन दिवस होती, त्यामुळे २२ सप्टेंबरला घट बसले आणि दसरा उजाडला २ ऑक्टोबरला. नवरात्र दहा दिवसांचं, रंगांची कार्डं नऊ. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण ती कार्डं मला मुळातच पटलेली नव्हती. त्या दिवसाच्या रंगाचं मुखपृष्ठ असलेलं पुस्तक वाचायचं म्हणे! ही सूचना लिहिणारा माणूस मराठी वाचनालयात कधी गेला नसावा. आमच्या वाचनालयात पुस्तक आलं की आधी बांधणीला जातं. जाड पुठ्ठा, कापडी कणा, कण्यावर दाखल क्रमांक; कविता असो, कादंबरी असो नाही तर पाकशास्त्र, बाहेरून सगळी एकाच युनिफॉर्ममधली. राखाडी दिवशी मी ग्रंथपालांना राखाडी पुस्तक मागितलं तर त्यांनी धूळ बसलेलं कपाट दाखवलं, “यातलं कुठलंही घ्या.”

पण त्या कपाटातून मला साठच्या दशकातलं एक प्रवासवर्णन मिळालं. शेवटच्या शिक्क्यावरची तारीख माझ्या लग्नाच्याही आधीची. चांगलं निघालं, दोनदा वाचलं. म्हणून नवरात्राच्या कार्डांबद्दल माझं मत थोडं बदललंय. सूचना मूर्खपणाची असली तरी चालते; ती आपल्याला नेहमीच्या कपाटापासून हलवते, तेवढं पुरे. अर्थात त्यासाठी ६९९ रुपये लागतात का, हा मुद्दा राहतोच.

दिवाळीचं कार्ड उत्तम. ‘एक दिवाळी अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचा, जाहिरातींसकट.’ पुस्तिकेत ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या दिवाळी अंकाची आणि त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांची माहिती आहे, थोडक्यात पण नीट दिलेली. सणाच्या निमित्ताने अख्ख्या भाषेने एकदम वाचायला बसायचं, ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे, हे त्या पानाने बरं लक्षात आणून दिलं. आता एका अंकाला तीनशे-चारशे रुपये पडतात, त्यामुळे मी दरवर्षीप्रमाणे वाचनालयाच्या योजनेतच पैसे भरले. वर्गणी सोडून वेगळी ठरावीक रक्कम एकदाच भरायची आणि अंक बदलत राहायचं. जाहिरातींसकट वाचायची अट आधी हसण्यावारी नेली होती, पण गावोगावच्या पतसंस्था आणि सराफांच्या जाहिराती ओळीने वाचल्या की त्या वर्षी कोणाचं बरं चाललंय ते कळतं. आमच्याकडे अंक आला की आधी राशिभविष्य वाचलं जातं. कार्डात त्याला मनाई नाही.

संक्रांतीचं कार्ड मात्र महागात पडेल अशी धास्ती होती. ‘यंदा वाण म्हणून पुस्तक लुटा.’ हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका मोजल्या की पुस्तकाची किंमत आपोआप डोळ्यांपुढे येते. प्लॅस्टिकचा डबा वीस रुपयांत होतो, वीस रुपयांत पुस्तक कुठे मिळणार? मी रद्दीवाल्याकडे गेले आणि किलोवर घेतली. पातळ कथासंग्रह, एकांकिका, शाळेत बक्षीस दिलेली चरित्रं, ज्यांच्या पहिल्या पानावर कोणाकोणाचा ‘द्वितीय क्रमांक’ लिहिलेला. पुसून, कडा कापून, तिळगुळाच्या पुडीसोबत दिली. डब्यापेक्षा स्वस्त पडली. एक बाई उघडच म्हणाल्या, “जुनं देतात का वाण?” मी म्हटलं, “शब्द झिजलेले नाहीत.” रथसप्तमीपर्यंत बायकांनी आपापसांत अदलाबदल सुरू केली होती, आणि त्याच बाई दुसऱ्या भागाची चौकशी करत माझ्या दारात. दुसरा भाग रद्दीवाल्याकडे नाही. असं अर्धवट पुस्तक दिल्याबद्दल त्या अजून मला बोलतात.

२७ फेब्रुवारीचं कार्ड, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनाचं, ‘एक कविता मोठ्याने वाचा’ एवढंच सांगतं. वाचली. पाडव्याचं मी पाळलंच नाही. ‘कोरं करकरीत पुस्तक विकत घ्या’ ही सूचना कार्डं विकणाऱ्यानेच लिहावी, यात काय ते समजा. वैशाखात भिलारला जायला सांगतात. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ ला सुरू झालं, घराघरांत पुस्तकं ठेवलेली, कुठेही बसा आणि फुकट वाचा. आम्ही गेलो होतो. गाव आवडलं, पण जाण्यायेण्याच्या पेट्रोलात अजून एक पेटी आली असती.

स्टँडची खाच ढिली आहे, पंखा लावला की कार्ड पडतं. दुमडलेला कागद घातला, मिटलं.

आता परत अधिक महिन्याकडे. कंपनीकडून कार्ड येईना म्हणून मी स्वतःच केलं. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायची आपली रीत, तर कार्डावर लिहिलं, ‘जावयाला तेहतीस वाचायच्या गोष्टी द्या.’ जावईबापू पुण्यात असतात, सगळं आयुष्य मोबाइलवर. तेहतीस पुस्तकं विकत घेऊन द्यायची माझी तयारी नव्हती आणि ती त्यांनी उघडलीही नसती. पण बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासूनचं, आणि त्याचे जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. मी रोज एक अंक त्यांना पाठवायला लागले. महिना संपायच्या आत तेहतीस बसवायचे म्हणून एखाद्या दिवशी दोन.

पहिले काही दिवस नुसता अंगठा यायचा. नंतर एकदा रात्री त्यांचाच फोन. “आई, हा अंक आमच्या घरी होता. कोपऱ्यातल्या चित्राला मी मिशा काढल्या होत्या.” तिथून पुढे आठवणी निघत गेल्या, कुठली गोष्ट कोणी वाचून दाखवली, कुठलं कोडं अजून सुटलेलं नाही. शेवटच्या आठवड्यात ते नातीला झोपताना वाचून दाखवू लागले. ती इंग्रजी शाळेत जाते, अर्धे शब्द अडतात, मग तिचा आजीला फोन. “आजी, रहाट म्हणजे काय?” पेटीतल्या कुठल्याच छापील कार्डाने आमच्या घरात हे केलं नव्हतं, आणि खर्च शून्य. अनारसे मात्र खरे द्यावे लागले, त्यात काटकसर करू दिली नाही. फुकटचं वाण दिलं म्हणून मुलगी अजून टोमणे मारते ती मारतेच.

कंपनीचं कार्ड आलं, पण अधिक महिना १५ जूनला संपल्यावर. कुरिअर त्यांनी भरलं, ते बरं केलं. छपाई सुंदर, कडेला दिव्यांची नक्षी, मागे सूचना: ‘रोज तेहतीस पानं वाचा.’ सूचना वाईट नाही, पण आता वापरायची कधी? पुढचा अधिक महिना चैत्र, २०२९ साली. तोवर ते कार्ड पेटीच्या तळाला. सोबत चिठ्ठी होती, ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, पुढील छपाईत सुधारणा करू.’ मी कळवलं की नवरात्राचं दहावं कार्डही घाला, कधी तिथी वाढते, कधी घटते. त्याला उत्तर नाही.

पाचपैकी किती द्यायचे? मेमध्ये विचारलं असतं तर दोन. जावयाच्या प्रकरणानंतर साडेतीन म्हणते, त्यातला एक बालभारतीचा आहे. घरात वाचणारी माणसं असतील आणि त्यांनी एकमेकांना पुस्तकं द्यावीत असं वाटत असेल, तर चालेल. एकट्याने वाचणाऱ्याने घेऊ नये, निम्म्या सूचनांना समोर दुसरं माणूस लागतं. आणि घ्यायचीच तर चौघींत मिळून घ्या, माणशी पावणेदोनशेच्या आसपास पडते, कुरिअर धरून दोनशेच्या आत. मागवण्याआधी फोन करून नव्या छपाईची आहे का ते विचारा आणि तेरावं कार्ड आत असल्याचं लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं तो पोरगा वरिष्ठांना विचारून सांगतो.