८×४२ दुर्बीण: हिप्परग्याचा शेकाट्या आणि अक्षीचा कालवफोड्या

सोलापूरच्या नवी पेठेतून गेल्या दिवाळीत साडेनऊ हजारांना घेतलेली ही ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिमीचे) दुर्बीण हिप्परग्याच्या तलावावर महिनाभर वापरली, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. सकाळच्या कोवळ्या उजेडातही शेकाट्या या लांब पायांच्या पाणपक्ष्यांच्या पायांचा गुलाबी रंग पाण्यावर ठळक उठून दिसे. तिची खरी परीक्षा झाली ती डिसेंबरात, अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर, कालवफोड्यासमोर.

हा पक्षी समुद्राचा, त्यामुळे सोलापूरकराला त्याच्यासाठी किनाराच गाठावा लागतो. हिवाळी पाहुणा असलेला कालवफोड्या ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत आणि खडकांवर शिंपले शोधतो, आणि भरती चढली की थव्याने कोरड्या जागी सरकून, बहुधा एका पायावर, पाणी ओसरण्याची वाट पाहत उभा राहतो. डोके, छाती आणि पाठ काळी, पोट पांढरेशुभ्र, चोच गाजरासारखी लांब व नारिंगी. काळ्या-पांढऱ्याची सीमा इतकी काटेकोर असल्यामुळे भिंगाचा दोष त्याच्या अंगावर लगेच उघडा पडतो. दृश्याच्या मध्यभागी ती सीमा स्वच्छ दिसली, परंतु पक्षी कडेला सरकताच पोटाच्या रेषेवर जांभळी झालर उमटू लागली. असे होणार नाही, असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते.

मध्यभागी मात्र प्रौढ पक्ष्याचा लाल डोळा आणि हिवाळ्यात गळ्यावर येणारा पांढरा पट्टाही दिसला. एकाच्या चोचीचे टोक काळपट होते, म्हणजे तो वयाने लहान. काही कालवफोडे शिंपला किंचित उघडा असतानाच चोच आत खुपसून तो मिटणारा स्नायू तोडतात, तर काही कवच ठोकून फोडतात. ठोकणाऱ्यांची चोच टोकाला बोथट होते आणि खुपसणाऱ्यांची छिन्नीसारखी चपटी राहते. हा फरक टिपण्यासाठी मी बराच वेळ वाळूत बसून होतो, पण तेवढ्या अंतरावरून आठपट दृश्य अपुरे पडले. हा दोष दुर्बिणीचा नव्हे. त्यासाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच, म्हणजे आणखी मोठे दाखवणारी एकनळी दुर्बीणच हवी.

चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्यांकडच्या रबरी कडा दुमडून आधी दुकानातच पाहून घ्यावे, कारण मला त्या दुमडूनही दृश्याची कड कापलेली दिसते. पट्टा अरुंद असून तासाभरात मानेला काचतो. मी त्याखाली सोलापुरी टॉवेलची घडी ठेवतो.