ग्रेनफादर जी३०: किट सोडून धान्याकडे वळावं का?

आधी एक सांगायला हवं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये मात्र स्वतःपुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, म्हणून घरी धान्यापासून बिअर करायच्या या विजेच्या यंत्राचा हा रिव्ह्यू तिथल्या मराठी मंडळींसाठी.

किटची, म्हणजे डब्यातल्या तयार माल्ट-अर्काची, बिअर फसते ती बहुतेकदा यीस्ट आणि तापमानापायी. १.७ किलोचा डबा, वर किलोभर साखर, झाकणाखालची ७ ग्रॅमची पुडी आणि २६ अंशांची खोली, एवढं जमलं की आंबट-गोडसर वास येणारच. तेव्हा आधी साखरेऐवजी सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, त्याचा अर्क) घाला, एल प्रकारच्या बिअरचं ११ ग्रॅमचं चांगलं यीस्ट वापरा आणि आंबवण १८ ते २० अंशांत ठेवा. ही शिस्त नसेल तर जी३० घेऊनही तोच वास येईल.

ती असेल, तर यंत्र खरोखर कामाचं आहे. मॅश (माल्टची भरड गरम पाण्यात भिजवून साखर उतरवणं), उकळी, पंप सगळं एकाच भांड्यात होतं, शिवाय वर्ट, म्हणजे त्यातून निघालेलं गोड पाणी, गार करायचं कॉइल सोबत मिळतं. २३ लिटरसाठी ५ किलो माल्टची भरड घ्या. मॅशचं पाणी किलोमागे २.७ लिटर अधिक वर ३.५ लिटर, म्हणजे १७ लिटर. वरून धुवायला १५ लिटर. हे धुवायचं पाणी यंत्र तापवत नाही. दुसऱ्या पातेल्यात ७५ अंशांवर तयार ठेवा. फार कढत झालं तर टरफलांचा तुरटपणा उतरतो. ६६ अंशांवर तासभर मॅश, ७५ वर दहा मिनिटं, मग आतली धान्याची टोपली उचलून, वरून धुवायचं पाणी ओतून निथळू द्या. ओला चोथा नऊ किलोंच्या वर भरतो, कंबर सांभाळा.

खरी कटकट भरडीची. फार बारीक दळली तर पंपाने वर आणलेलं पाणी धान्यातून खाली झिरपत नाही, टोपलीच्या मधल्या नळीतून नुसतं परत जात राहतं, आणि पीठ तळाशी बसून करपतं. करपलं की सुरक्षा-स्विच पडतो, आणि त्याचं रीसेट बटण यंत्राच्या बुडाला! वर जवळपास २८ लिटर कढत वर्ट असताना ते दाबायचं कसं? त्यामुळे भरड दाणा फुटेल पण टरफल शाबूत राहील अशीच घ्या, पंप मॅशच्या सुरुवातीला मंद ठेवा, आणि उकळीआधी लांब चमच्याने तळ खरवडा. उकळी येतेवेळी फेस झपाट्याने चढतो, तेव्हा तिथून हलू नका.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने बिअरला औषधी वास लागतो. सगळ्या पाण्याला मिळून अर्धी कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) पुरते. उकळीची शेवटची दहा मिनिटं कढत वर्ट कॉइलमधून फिरवा, तेवढ्याने आतली बाजू निर्जंतुक होते.

धुणं-पुसणं धरून पाच-सहा तास जातात. किटला तासभर पुरतो. बदल्यात मॅशचं तापमान तुमच्या हातात येतं: ६४ ला बिअर कोरडी, ६८ ला भरदार. किटमध्ये हा निर्णय कारखान्यातच झालेला असतो, आणि आमच्या मते पैसे मोजायचे ते यासाठीच.

एवढा खर्च आधीच नको असेल, तर १२ लिटरचं पातेलं, भरड भिजवायला जाळीदार पिशवी, १.१ किलो पेल माल्ट आणि ८ लिटर पाणी घ्या. मॅशला पातेलं गोधडीत गुंडाळा. साधारण ५ लिटर बिअर होते, आणि असा दिवस आपल्याला झेपतो का तेही कळतं.