नाशिकहून पटकथेची कॉपीराइट नोंदणी: सेवा कशी आहे, फॉर्म कुठे अडतो

पहिली पटकथा लिहून झाली, आता ती अंधेरीच्या ऑफिसांमध्ये ऐकवायची आहे. नाशिकच्या नव्या लेखकाने पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी ५०० रुपये केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात भरावेत, असं ठाम मत आहे. कार्यालय दिल्लीत द्वारकेला असलं तरी अर्ज, फी आणि पटकथेची पीडीएफ ऑनलाइन जाते. एजंट लागत नाही. सेवा संथ आहे, फॉर्म किचकट आहे, तरी पैसे वसूल.

पहिली चूक फॉर्म उघडताच होते. कृतीचा प्रकार विचारला की सिनेमासाठी लिहिलंय म्हणून लोक ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’ निवडतात. तो प्रकार तयार चित्रपटाचा, आणि त्याची फी ५००० रुपये. पटकथा ‘लिटररी/ड्रमॅटिक’मध्ये जाते, फी ५००. एकदा भरलेली फी दुसऱ्या प्रकारात वळवत बसण्यापेक्षा हा रकाना दोनदा वाचा.

मुख्य अर्ज फॉर्म १४. त्याला दोन तक्ते जोडलेले असतात. पहिल्यात नाव, पत्ता, भाषा, लेखक कोण, मालक कोण. खरी मेख दुसऱ्यात: कृती स्वतंत्र आहे, भाषांतर आहे की रूपांतर? नाशिकमध्ये बऱ्याच पटकथांचं मूळ एकांकिकेत असतं. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात गाजलेली एकांकिका पुढे सिनेमासाठी वाढवली जाते आणि अर्जात एकट्याचं नाव लागतं. एकांकिकेचे संवाद मित्राने लिहिले असतील तर तोही लेखक. त्याचं नाव टाका किंवा पटकथा त्याच्या कृतीवरून केल्याचं लिहा, आणि दोन्ही वेळा त्याच्या सहीचं ना हरकत पत्र जोडा. मैत्री चांगली असतानाच हे पत्र घ्यावं. सिनेमा उभा राहायला लागला की तीच सही मिळायला महिने जातात.

दुसरी अडचण फॉन्टची. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच हवं, हे आधी सांगा. जुन्या फॉन्टमधलं शीर्षक अर्जाच्या रकान्यात पेस्ट केलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तीच वर्ड फाइल निर्मात्याच्या लॅपटॉपवर उघडली तरी तेच होतं. मंगल, निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी वापरा, पानांना क्रमांक द्या, प्रत्येक पानावर शीर्षक आणि ड्राफ्टची तारीख टाका. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी कुरिअर १२ फॉन्टवर बसवलेला आहे. देवनागरीत तो जुळेलच असं नाही, म्हणून लांबी घड्याळ लावून, मोठ्याने वाचून ठरवा.

अर्ज गेला की डायरी नंबर मिळतो. तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावरच होते. त्यानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावंच लागतं, मग तपासणी. त्रुटी निघाली तर पत्र येतं आणि उत्तर मुदतीत द्यावं लागतं, तेव्हा रोजच्या वापरातलाच ईमेल द्या. प्रमाणपत्र हातात यायला काही महिने धरून चला.

या मधल्या काळासाठी अंधेरी पश्चिमेची स्क्रीनरायटर्स असोसिएशन उपयोगी पडते. आधी सदस्यत्व घ्यावं लागतं. मग नोंदणी ऑनलाइन होते आणि फी पानांनुसार लागते. मीटिंगआधी सारांश आणि ताजा ड्राफ्ट तिथे, पक्की पटकथा दिल्लीला, ही विभागणी सोयीची. शिक्का बसलेली पीडीएफ मात्र दोन ठिकाणी ठेवा. स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाकीट पाठवायचा सल्ला अजून दिला जातो, तो सोडून द्या. पाकीट उघडं पाठवून नंतरही चिकटवता येतं, त्यामुळे पुरावा म्हणून ते कच्चंच.

नोंदणीने काय मिळतं? कायद्याने ती सक्तीची नाही, लिहिल्या क्षणीच हक्क तुमचा असतो. पण १९५७ च्या कायद्याच्या कलम ४८ नुसार कॉपीराइट रजिस्टरमधली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. कल्पनेला मात्र संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटककाराच्या दाव्यात हे स्पष्ट केलं आहे: विषय कुणाचाही असू शकतो, मांडणीची नक्कल झाली तर दाद मिळते. म्हणून ‘कुंभमेळ्यात हरवलेला मुलगा’ एवढी दोन पानी गोष्ट नोंदवून फारसं हाती लागत नाही. रामकुंडावर तो कुणाचा हात सोडतो, का सोडतो, पुढच्या सीनमध्ये पोलिसांना आई काय सांगते, हे संवादासह लिहिलेलं असेल तर नक्कल दाखवता येते. पूर्ण पटकथाच अपलोड करा.

खरा उपयोग कराराच्या वेळी होतो. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. निर्मात्याने वर्षभरात हक्क वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द कराराच्या मसुद्यात नेमके याचसाठी घातलेले असतात, तिथे थांबून मुदत मागा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापरावरची रॉयल्टी लेखकाला सोडून देता येत नाही, त्यामुळे ती सोडल्याचं कलम दिसलं तर खोडायला सांगा. आणि करारात कृतीचं नुसतं नाव नको. डायरी किंवा नोंदणी क्रमांक, ड्राफ्टची तारीख आणि पानांची संख्या लिहून घ्या.