फोर्ट बूई, ॲरिझोना : चालत गेल्याशिवाय न कळणारी जागा

एकोणिसाव्या शतकात अमेरिका आणि मेक्सिकोच्या सैन्यांशी लढलेला जेरोनिमो हा तिथल्या अपाचे या मूळनिवासी जमातीतला. त्याचे नाव आणि चेहरा छापलेले सदरे, कप आणि चुंबके ॲरिझोनात वाटेल तिथे मिळतात. त्याच्या आयुष्याशी प्रत्यक्ष संबंध असलेली जागा पाहायची असेल, तर मात्र राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, डॉस कबेसास आणि चिरिकावा या दोन डोंगररांगांमधल्या अपाचे पास नावाच्या खिंडीत जावे लागते. या खिंडीतले फोर्ट बूई हे लष्करी ठाणे १८६२ मध्ये उभे राहिले आणि १८९४ मध्ये रिकामे झाले. आज ते ऐतिहासिक स्थळ म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. प्रवेश विनामूल्य आहे. गाडी मात्र वर जात नाही. ती कच्च्या रस्त्यालगतच्या वाहनतळावर ठेवून दीड मैल चालावे लागते. ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, पण त्यासाठी आधी संपर्क साधावा लागतो.

ही चाल काहींना गैरसोय वाटेल. माझ्या मते या स्थळाची सगळ्यांत चांगली बाजू तीच आहे, कारण पायवाट तुम्हाला घटना जवळजवळ घडल्या त्याच क्रमाने दाखवत नेते आणि किल्ला सर्वांत शेवटी येतो. किल्ला म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तट, बुरूज आणि दरवाजा येतो. इथे यांतले काहीही नाही आणि कधीच नव्हते. मोकळ्या पठारावर बराकी, कोठारे, इस्पितळ आणि मध्ये कवायतीचे मैदान, एवढाच हा किल्ला.

वाटेवर प्रथम टपालगाडीच्या ठाण्याचे अवशेष लागतात. १८५८ मध्ये बटरफिल्ड कंपनीची घोडागाडी या खिंडीतून जाऊ लागली. अपाच्यांच्या चिरिकावा या गटाचा नायक कोचीस याने काही काळ ती चालूही दिली. पुढे फेब्रुवारी १८६१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या लेफ्टनंट बॅस्कमने एका मुलाच्या अपहरणाचा आळ घेऊन कोचीसला बोलणीच्या निमित्ताने तंबूत बोलावले आणि पकडायचा प्रयत्न केला. कोचीस तंबूचे कापड सुरीने फाडून निसटला. नंतर दोन्ही बाजूंनी ओलीस मारले गेले, कोचीसच्या भावाला फासावर लटकवले गेले, आणि पुढची जवळजवळ बारा वर्षे लढाई थांबली नाही. या सगळ्याचा आरंभ झाला ती जागा म्हणजे आज गवत आणि मेस्कीटची झुडपे असलेला साधा उतार आहे. एक फलक वाचायचा आणि पुढे निघायचे.

नंतर दफनभूमी येते, आणि तिथे माझा अंदाज चुकला. मी सैनिकांच्या थडग्यांच्या तयारीने गेलो होतो, पण त्यांतले बरेच अवशेष ठाणे बंद झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी स्मशानात हलवले गेले. उरलेल्यांत एक फलक ‘लिटल रोब’चा आहे. तो जेरोनिमोचा मुलगा, वय सुमारे दोन वर्षे. १८८५ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरांत पकडलेल्या बायकामुलांबरोबर त्याला इथे आणले गेले आणि त्याच वर्षी तो इथे वारला. लाकडी फळीवर त्याचे नाव आहे आणि बापाचे नाव आहे. जेरोनिमोला आणखी वर्षभर शरण आणता आले नाही. त्याचे मूल मात्र आधीच या ठाण्याच्या मातीत होते.

पुढे झरा आहे. झाडांच्या सावलीत, दगडांमधून झिरपणारे थोडेसे पाणी. दुपारच्या उन्हात तिथे पोहोचलात, तर कोणत्याही फलकाशिवाय समजते की टपालगाडी या खिंडीतूनच का गेली, जुलै १८६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सैनिकांना तोफा लावून अपाच्यांकडून हीच जागा का घ्यावी लागली आणि ठाणे इथेच का बांधले गेले. आसपासच्या कोरड्या मुलखात भरवशाचे पाणी होते ते हेच.

वर पोहोचल्यावर मातीच्या भिंतींचे बुंधे दिसतात. पावसाने विरघळू नयेत म्हणून त्यांच्यावर चुन्याचा लेप दिलेला आहे, त्यामुळे लांबून ते झिजलेल्या दातांसारखे वाटतात. माहिती केंद्र लहान असून त्याच्या ओसरीत बसायला जागा आहे. शेवटच्या काळात या ठाण्यावर बर्फ करण्याचे यंत्र होते आणि प्रमुख अधिकाऱ्यासाठी प्रशस्त घर होते, हे तिथे कळते. त्याच वेळी डोंगरमाथ्यांवरून आरशांनी उन्हाचे झोत टाकून संदेश पाठवणारी ठाणी जेरोनिमोविरुद्धच्या मोहिमेचा प्रमुख जनरल माइल्स याने उभारली होती. १८८६ च्या उन्हाळ्यात सुमारे पाच हजार सैनिक ज्यांच्या मागावर होते, ती जेरोनिमोबरोबरची माणसे बायकामुले धरून चाळीसहूनही कमी होती.

इथे एक तक्रार नोंदवतो. ती या स्थळाबद्दल नाही. आम्ही येण्यापूर्वी एका खासगी कंपनीची, नाव घेत नाही, मोबाइलवरची ध्वनिसफर विकत घेतली होती. खिंडीत नेटवर्क नसल्यामुळे ती अर्ध्या वाटेवर बंद पडली, हे एक वेळ ठीक. जेवढी ऐकली तेवढ्यात मात्र जेरोनिमोला तीन वेळा ‘अपाच्यांचा राजा’ म्हटले होते. तो राजा नव्हता आणि चिरिकावांचा वंशपरंपरागत नायकही नव्हता. तो मान कोचीसचा मुलगा नायचे याचा होता. जेरोनिमोचे मूळ नाव गोयाथ्ले, म्हणजे जांभई देणारा. लोक त्याच्यामागे गेले ते त्याच्या युद्धातल्या नेतृत्वामुळे आणि त्याच्या अंगी दैवी शक्ती आहे या श्रद्धेमुळे. १८५१ मध्ये मेक्सिकोतल्या हानोस गावाजवळ मेक्सिकन सैन्याने त्याची आई, बायको आणि तीन मुले मारली. त्यानंतरच्या त्याच्या साऱ्या आयुष्याला ही पार्श्वभूमी आहे आणि ती वगळली, की उरतो तो नुसता पोस्टरवरचा बंदूकधारी.

उलट टोकाचे गोडवेही मला पटत नाहीत. त्याच्या धाडींत सीमेच्या दोन्ही बाजूंचे निरपराध लोक मारले गेले, आणि सरकारने अपाच्यांना राहण्यासाठी आखून दिलेल्या राखीव प्रदेशात शांतपणे शेती करू पाहणाऱ्या अनेक चिरिकावांना त्याच्या पळून जाण्याची किंमत मोजावी लागली. तरीही राखीव प्रदेश म्हणजे काय होते, हे विसरून चालत नाही. १८७२ मध्ये करार करून याच डोंगरांत दिलेली जमीन सरकारने १८७६ मध्ये काढून घेतली आणि लोकांना सॅन कार्लोसच्या रखरखीत सपाटीवर नेले. १८७७ मध्ये जेरोनिमोलाही तिथे बेड्या घालूनच आणले होते. तो पुन्हा पुन्हा का पळाला, याचे निम्मे उत्तर या एका व्यवहारात आहे.

कवायतीच्या मैदानावर जरा थांबावे. ४ सप्टेंबर १८८६ रोजी स्केलेटन कॅन्यनमध्ये शरण आल्यावर जेरोनिमोला इथे आणले आणि चारच दिवसांनी आगगाडीत बसवण्यासाठी बूई स्थानकाकडे रवाना केले. ही मंडळी निघताना घोडदळाच्या वाद्यवृंदाने स्नेह्यांच्या निरोपाचे एक जुने स्कॉटिश गाणे वाजवले. कुटुंबाशी लवकर भेट होईल, असे आश्वासन माइल्सने दिले होते. प्रत्यक्षात पुरुष फ्लोरिडातल्या फोर्ट पिकन्सला गेले आणि बायकामुले दूरच्या फोर्ट मॅरियनला. जेरोनिमोला शरण येण्यास राजी करणारे मार्टीन आणि कायिता हे दोघे अपाचे सैन्याचेच वाटाडे होते. त्यांनाही सरकारने कैदी म्हणून त्याच दिशेने धाडले.

फोर्ट बूईचा जेरोनिमोशी संबंध इथे संपतो, त्यामुळे पुढच्या तेवीस वर्षांची अपेक्षा ठेवून इथे येऊ नये. युद्धकैदी असतानाच सेंट लुईच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनात स्वतःची छायाचित्रे विकणारा, १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या शपथविधीच्या मिरवणुकीत घोड्यावर बसलेला आणि मायदेशी जाऊ देण्याची विनवणी करणारा म्हातारा पाहायचा, तर ओक्लाहोमातले फोर्ट सिल गाठावे. १९०९ मध्ये न्यूमोनियाने तो तिथेच वारला. दगडांच्या लहान मनोऱ्यावर गरुड बसवलेली त्याची समाधी तिथे आहे. त्याच्या माणसांची सुटका आणखी चार वर्षांनी, सत्तावीस वर्षांच्या कैदेनंतर झाली.

थोडे व्यवहाराचे. अर्धा दिवस हाताशी ठेवावा. पाणी भरपूर घ्यावे, सावली फार कमी आहे, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे. वाटेवर खुळखुळ्या साप निघू शकतो, म्हणून पायांत बूट हवेत. परतीला डोंगरधारेवरून जाणारी दुसरी वाट आहे आणि तिच्यावरून सगळे ठाणे एका नजरेत येते, म्हणून बहुतेक लोक तीच धरतात. आम्ही मात्र आल्या वाटेनेच उतरलो. बरोबरच्या मुलीला ‘लिटल रोब’च्या फळीजवळ एक खडा ठेवायचा होता. तिथल्या वस्तू हलवू नयेत, असा नियम आहे. म्हणून तो खडा तिने बराच वेळ हातात धरला आणि परत वाटेवरच ठेवला.